किशोरवयीन गर्भधारणा रोखायची, तर काम मोठ्यांपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीत वर्षभरात शाळकरी वयाच्या तीन मुलींना दिवस गेले. त्यानंतर पालक, शिक्षक आणि काही कार्यकर्ते एकत्र आले. मुलींसाठी एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवावं, असं बहुतेकांचं मत पडलं. मुलींना काय सांगावं, कुठल्या वयात सांगावं आणि समाज म्हणून आणखी काय करता येईल, हे तुम्हाला हवं आहे.

किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्यावर मी बरीच वर्षं काम करते आहे. त्या अनुभवावरून सरळ सांगते: व्याख्यान जरूर ठेवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मुलींना काय सांगायचं हा नंतरचा प्रश्न. मुलीने काही विचारलं तर आई काय बोलते, शिक्षक कुठे बघतात, दवाखान्यातली नर्स तिला कशी वागवते, औषधाच्या दुकानातला माणूस तिच्याकडे कशा नजरेने पाहतो, हे आधी तपासायला हवं. जिथे जिथे किशोरवयीन गर्भधारणा खरोखर कमी झाल्या, तिथे या मोठ्या माणसांच्या वागण्यात बदल झाला होता.

आधी हे पाहा, की तुमच्या वस्तीत नेमकं काय घडतंय. काही मुलींचं कमी वयात लग्न लावलेलं असतं आणि वर्षाच्या आत पाळणा हलावा अशी घरच्यांची अपेक्षा असते. काहींवर जबरदस्ती झालेली असते, आणि ती करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. काहींचं वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाशी नातं असतं. वरून ते प्रेमाचं दिसलं तरी पैशाची, फोनची, आधाराची ओढ त्यात गुंतलेली असते. काहींचं बरोबरीच्या मुलाशी नातं असतं. चारही ठिकाणी गर्भधारणा तीच, उपाय मात्र वेगळे. लग्न लावून दिलेल्या मुलीला ‘नाही म्हणायला शीक’ सांगून उपयोग नाही. जबरदस्ती झालेल्या मुलीला कंडोमची माहिती देणं तर क्रूरपणा आहे. तिला संरक्षण, तातडीचे उपचार आणि कायद्याचं बळ हवं. म्हणून नर्स, मुख्याध्यापक, समुपदेशक अशा चार-पाच जबाबदार माणसांनी एकही नाव न घेता, यातला कुठला प्रकार आपल्याकडे जास्त आहे याचा अंदाज बांधावा. नावं निघायला लागली की बैठक थांबवा. तिथून फुटलेली कुजबुज त्या मुलींच्या दारापर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 ते 19 वयाच्या सुमारे 2 कोटी 10 लाख मुलींना वर्षाला दिवस राहतात. त्यातल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा नको असताना राहिलेल्या असतात. उरलेल्या निम्म्यांत लग्न झालेल्या मुलींची संख्या मोठी आहे. त्यामुळे ‘मुलींना माहिती नाही’ हे एकच कारण धरून चाललात, तर निम्मा प्रश्न हातातून निसटतो. शरीरावर होणारे परिणाम बहुधा तुम्हाला माहीत असतील: विशीतल्या बाईपेक्षा या वयातल्या आईला रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका जास्त असतो, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यताही जास्त.

‘मुलींना भीती घातली की त्या सावध होतील’ ही कल्पना फार लोकप्रिय आहे. तिचं काय होतं, हे ऑस्ट्रेलियात नीट मोजलं गेलं आहे. पर्थ परिसरातल्या 57 शाळांमधल्या 13 ते 15 वर्षांच्या मुलींवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या शाळांत मुलींना बाळासारखी रडणारी, भुकेजणारी, लंगोट बदलायला लावणारी बाहुली सांभाळायला दिली. रात्रभर जागल्यावर मूल नकोसं वाटेल, असा हिशोब होता. या मुली विशीच्या होईपर्यंतच्या नोंदी तपासल्या, आणि 2016 मध्ये निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी सुमारे 8 टक्के विशीच्या आत आई झाल्या होत्या. बाहुली न मिळालेल्यांत हे प्रमाण 4 टक्के होतं. गर्भपातही पहिल्या गटात जास्त होते. कार्यक्रम दिसायला छान होता, शाळांना आवडत होता, आणि त्याने गर्भधारणा कमी केल्या नाहीत. कुठलाही कार्यक्रम निवडताना ‘लोकांना आवडला का’ याच्या पुढे जाऊन ‘यानं पूर्वी कुठे गर्भधारणा कमी झाल्या का’ हे विचाराच.

आता दवाखान्याकडे वळते, कारण सगळ्यात जास्त गळती तिथेच होते. सोळा वर्षांची मुलगी केसपेपरच्या खिडकीपाशी येते. आतला माणूस वहीतून मान वर न करता विचारतो, ‘काय त्रास आहे?’ मागे रांगेत ओळखीची बाई उभी आहे. मुलगी म्हणते, ‘पोट दुखतंय.’ वहीत पोटदुखी लिहिलं जातं, आत डॉक्टर पोट दाबून बघतात, गोळ्या देतात, मुलगी घरी जाते. पाळी आठ दिवस पुढे गेली आहे, हे तिच्या तोंडून बाहेर पडलेलंच नसतं. पुन्हा ती येते तेव्हा चौथा महिना लागलेला असतो.

यावर करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. खिडकीवर कारण विचारायचं नाही, फक्त नंबर द्यायचा. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यानंतरची वेळ ठेवायची. त्या वेळेला ‘लैंगिक आरोग्य’ अशी पाटी लावायची नाही. पुटकुळ्या, पाळीचा त्रास, अशक्तपणा, मनावरचा ताण, सगळ्यासाठी ती वेळ खुली हवी, म्हणजे कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. तपासणीच्या खोलीचं दार लागतं का, ते बघा. कुठली गोष्ट गुप्त राहील आणि कुठली कायद्याने कळवावीच लागेल, हे मुलीला बोलणं सुरू होण्याआधी सांगायचं. मुलीने विश्वास टाकून सगळं सांगितल्यावर ‘हे मला पुढे कळवावं लागेल’ असं म्हणणं ही तिची फसवणूकच ठरते. संमतीचं वय, अहवाल देण्याची सक्ती, पालकांची परवानगी यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. आपल्याकडचे नियम एका पानावर सोप्या भाषेत लिहून दवाखान्यातल्या प्रत्येकाच्या हातात द्या. खालच्या कर्मचाऱ्यापासून वरच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाचं उत्तर एकच असलं पाहिजे.

हे सगळं कागदावर झालं की प्रत्यक्ष तपासा. अठरा-एकोणीस वर्षांचे स्वयंसेवक दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात साधा प्रश्न घेऊन पाठवा. बाहेर आल्यावर त्यांनी लगेच लिहून काढायचं: पहिलं वाक्य काय ऐकू आलं, लग्न झालंय का असं कोणी विचारलं का, आपलं बोलणं आणखी किती जणांच्या कानावर गेलं, हवं ते मिळालं का. नावं काढून ही पानं कर्मचाऱ्यांसमोर ठेवा. आपलंच बोलणं कागदावर वाचलेल्या माणसाला वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे, आणि माणसं मुळात वाईट नसतात हेही पाहिलं आहे. बहुतेकांना या वयाच्या मुलीशी कसं बोलायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं.

साधनांबद्दल दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. वय कमी आहे एवढ्याच कारणावरून कुठलंही गर्भनिरोधक साधन नाकारू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वैद्यकीय निकषांत नमूद आहे. दुसरं, साधनासाधनांत फरक असतो. लोक प्रत्यक्षात जसा कंडोम वापरतात, म्हणजे कधी वापरला कधी राहिला, तसा वापरला तर वर्षभरात शंभरातल्या सुमारे 13 जणींना दिवस जातात. तांबी किंवा दंडात त्वचेखाली बसवायची कांडी असेल तर हे प्रमाण शंभरात एकीपेक्षाही कमी. पण लैंगिक संसर्गापासून वाचवतो तो कंडोमच, त्यामुळे दोन्हींची माहिती बरोबर द्यायला हवी. तातडीची गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी जास्त उपयोगी. संबंधानंतर घ्यायची ही गोळी साधारणपणे 72 तासांच्या आत घ्यायची असते, काही प्रकारच्या 120 तासांपर्यंत चालतात. सुट्टीच्या दिवशी दवाखाना आणि औषधाचं दुकान बंद असेल, तर हे तास कसे निघून जातात ते तुम्हीच मोजा.

माहिती दिली की मुलं बिघडतील, हा आक्षेप तुमच्या पहिल्याच बैठकीत येईल. तो घेणाऱ्यांना झटकून टाकू नका. त्यांना खरोखर काळजी वाटत असते. त्यांना सांगा की युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष याच्या उलट आहे: नीट आखलेल्या लैंगिकता शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध सुरू करत नाहीत, काही ठिकाणी उलट उशिरा करतात. अमेरिकेत ‘लग्नापर्यंत संयम’ एवढंच शिकवणाऱ्या चार कार्यक्रमांची सरकारनेच तपासणी करवली आणि 2007 मध्ये अहवाल आला. कार्यक्रमात बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं यांच्या वागण्यात फरक सापडला नाही. पहिल्या संबंधाचं सरासरी वयही सारखंच निघालं.

पालकांच्या सत्रात शरीरशास्त्र शिकवू नका. पहिलं वाक्य शिकवा. मी पालकांना जोडीजोडीने बसवते. एकाने मुलगी व्हायचं आणि विचारायचं, ‘आई, पाळी चुकली म्हणजे काय होतं?’ दुसऱ्याने उत्तर द्यायचं. जवळपास प्रत्येक जोडीत पहिलं उत्तर प्रश्नाच्याच रूपात येतं: ‘का? काय झालं? हे तुला कोणी सांगितलं?’ मुलगी झालेली बाई लगेच मागे सरकते, खोट्या खेळातसुद्धा. मग आम्ही तोच प्रसंग पुन्हा करतो, पण सुरुवात ‘बरं झालं विचारलंस’ने करायची. त्यानंतर काय बोलावं हे पुष्कळांना आपोआप सुचतं. ज्यांना सुचत नाही त्यांनी ‘मला नक्की माहीत नाही, आपण नर्सताईंना विचारू’ म्हणावं. तेही पुरेसं आहे. वडिलांसाठी हे सत्र वेगळं घ्या आणि त्यांच्या सोयीच्या वेळेला घ्या, नाहीतर येणाऱ्या सगळ्या आयाच असतील.

मुलामुलींच्या वर्गात प्रश्नपेटी ठेवा, पण नीट ठेवा. कोपऱ्यात पेटी ठेवून ‘ज्यांना विचारायचंय त्यांनी चिठ्ठी टाका’ म्हटलं की पेटी रिकामी राहते, कारण चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. सगळ्यांना सारखे कागद द्या, सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर आज काय आवडलं ते लिहा. चिठ्ठ्या तिथल्या तिथे वाचू नका. घरी नेऊन वाचा, सारखे प्रश्न एकत्र करा, पुढच्या तासाला उत्तरं द्या. एखादी चिठ्ठी अशी निघते की ती लिहिणारी मुलगी संकटात आहे हे कळतं. अशा वेळी वर्गात तिचा उल्लेख करायचा नाही. ‘असं कोणाबाबत घडत असेल तर मी अमुक वेळेला अमुक खोलीत एकटी बसलेली असते’ एवढं सगळ्यांना सांगायचं आणि खरोखर तिथे बसायचं. सुरुवात वयात येण्याच्या आधी करा, शरीरातले बदल आणि नकोशा स्पर्शापासून. गर्भनिरोधनापर्यंत टप्प्याटप्प्याने या.

मुलांना मात्र या तासाला मैदानावर सोडतात, ही पद्धत आधी बंद करा. संमती, जबाबदारी, कंडोम आणि मित्रांच्या दबावाला तोंड देणं हे विषय मुलग्यांचे आहेत, आणि मोकळेपणाने बोलणारा पुरुष शिक्षक मिळाला तर मुलगे फार प्रामाणिकपणे बोलतात.

वयाने मोठ्या पुरुषांचा मुद्दा बहुतेक कार्यक्रमांत येतच नाही, म्हणून केनियातला एक प्रयोग मुद्दाम सांगते. पश्चिम केनियातल्या 328 शाळांचा अभ्यास पास्कलिन द्युपा या अर्थतज्ज्ञ बाईंनी 2011 मध्ये प्रसिद्ध केला. काही शाळांत शिक्षकांना एचआयव्हीचा सरकारी अभ्यासक्रम शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं; त्याचा गर्भधारणांवर परिणाम दिसला नाही. काही शाळांत एकाच तासात मुलींना वयोगटानुसार पुरुषांमधलं एचआयव्हीचं प्रमाण दाखवलं: बरोबरीच्या मुलांपेक्षा वयाने मोठ्या पुरुषांत ते कितीतरी जास्त असतं. या शाळांतल्या मुलींच्या गर्भधारणा 28 टक्क्यांनी घटल्या, आणि मोठी घट झाली ती मोठ्या पुरुषांपासून राहणाऱ्या गर्भधारणांत. एका तासाने इतका फरक पडला, कारण मुलींना नवीन आणि नेमकी माहिती मिळाली. ‘करू नका’ हे त्या आधीपासून ऐकत होत्या. पण मला इथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते: अशा पुरुषांना वस्ती ओळखत असते. त्यांना थांबवण्याचं ओझं पंधरा वर्षांच्या मुलीवर टाकणं अन्याय आहे. ते मोठ्यांनी, कायद्याच्या मदतीने करायचं काम आहे.

शाळा हे सगळ्यात मजबूत कवच आहे. मुलगी शाळेत आहे तोवर लग्नही लांबतं आणि मूलही. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींच्या कुटुंबांना दरमहा थोडे पैसे देऊन पाहिले. एका गटाला शाळेत हजर राहण्याची अट होती, दुसऱ्याला नव्हती. हजेरी अटीच्या गटात जास्त सुधारली. पण शाळा सोडलेल्या मुलींची लग्नं आणि गर्भधारणा विनाअट पैसे मिळालेल्या गटात बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे शाळा सुटलेली मुलगी सगळ्यात जास्त धोक्यात असते, आणि हजेरीची अट घातली की मदत नेमकी तिच्याचपर्यंत पोचत नाही. युगांडात ब्रॅक या संस्थेने गावागावांत मुलींचे क्लब चालवले. थोडी मोठी ताई, खेळ, आरोग्याची माहिती आणि हाताला काम देणारं प्रशिक्षण. तिथेही कमी वयातल्या गर्भधारणा आणि लग्नं लक्षणीय घटली. महाराष्ट्रातल्या पाचोडला आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी तासभर, असे वर्षभर जीवनकौशल्याचे वर्ग घेतले, पालकांना बरोबर घेऊन. 1997 ते 2001 या काळात तिथलं लग्नाचं मध्यम वय, म्हणजे ज्या वयाच्या आत निम्म्या मुलींची लग्नं होतात ते, 16 वरून 17 झालं. एक वर्ष म्हणजे फार थोडं, असं कोणाला वाटेल. शाळेचं आणखी एक वर्ष मिळालेल्या मुलीला तसं वाटत नाही.

हे सगळं एकत्र केल्यावर काय होतं आणि त्यातला एक खांब काढल्यावर काय होतं, हे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या डेन्मार्क नावाच्या छोट्या गावात दिसलं. 1982 पासून तिथे शिक्षक, पालक, चर्चमधले लोक यांना प्रशिक्षण दिलं, शाळेत शिक्षण सुरू केलं, आणि शाळेतली नर्स मुलामुलींशी बोलायची, कंडोम द्यायची, मुलींना दवाखान्यात घेऊन जायची. गर्भधारणा घटल्या. पुढे शाळेच्या आवारात गर्भनिरोधकं द्यायला कायद्याने बंदी आली, नर्सने नोकरी सोडली. शिकवणं चालू राहिलं, आणि गर्भधारणा पुन्हा वाढल्या. त्या नर्सची जागा तुमच्याकडे कोण घेणार, हे ठरल्याशिवाय कार्यक्रमाचं उद्घाटन करू नका.

वेळेचा अंदाजही धरून चला. इंग्लंडने 1999 मध्ये देशभराची योजना आखली, दहा वर्षांत प्रमाण निम्म्यावर आणण्याचं ठरवलं. 1998 मध्ये 15 ते 17 वयाच्या हजार मुलींमागे सुमारे 47 गर्भधारणा होत्या. 2010 उजाडलं तेव्हा लक्ष्य गाठलेलं नव्हतं. पण काम सोडलं नाही, आणि 2018 मध्ये हा आकडा 17 च्या आत आला. मधल्या काळात चांगली घट झालेल्या आणि न झालेल्या भागांची तुलना केली, तेव्हा चांगल्या भागांत शाळा, दवाखाने, समाजसेवा खातं आणि स्थानिक नेतृत्व एकाच वेळी कामाला लागलेलं दिसलं. मागे पडलेल्या भागांत एखादंच खातं धावपळ करत होतं.

तुमच्या वस्तीतल्या त्या तीन मुलींचा विसर पडू देऊ नका. प्रतिबंधाच्या उत्साहात त्यांना धडा म्हणून उभं केलं जातं, आणि ते बघून उरलेल्या मुली एकच गोष्ट शिकतात: लपवायचं. त्यांना बाळंतपणाआधीची तपासणी वेळेवर मिळते आहे का, त्यांच्यावर घरात मारहाण होते आहे का, गर्भ ठेवायचा की नाही याबद्दल कायद्याच्या चौकटीत त्यांना खरी माहिती मिळाली का, हे कोणीतरी एका माणसाने शांतपणे पाहावं. सिएरा लिओनमध्ये गर्भवती मुलींना शाळेत बसायला सरकारी बंदी होती. पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये तिच्याविरुद्ध निकाल दिला आणि मार्च 2020 मध्ये ती उठली. लेखी बंदी नसलेल्या कितीतरी शाळांत ती न लिहिता चालू असते. बाळंतपणानंतर मुलगी शाळेत परतली आणि तिला तिच्या पसंतीचं साधन मिळालं, तर लगेच दुसरं मूल होण्याची शक्यता खूप कमी होते.

काम मोजायचं कसं, तर जन्मनोंदणीच्या आकड्यांची वाट बघत बसू नका. ते उशिरा हाती येतात आणि छोट्या वस्तीत एक-दोनने वरखाली होतातच. दर तीन महिन्यांनी दोन गोष्टी बघा: किती मुली शाळेतून गळल्या, आणि दवाखान्यात एकदा आलेल्या किती मुलीमुलगे पुन्हा आले. पहिल्या वर्षात दवाखान्यातली संख्या वाढेल, आणि ‘कार्यक्रमामुळे प्रकार वाढले’ असं कोणीतरी म्हणेल. आधी लपून राहणाऱ्या मुली आता वेळेवर येताहेत, हे समजावून सांगायची तयारी ठेवा. आणि ही तिमाही बैठक फक्त मोठ्यांची नको. किमान दोन मुली आणि दोन मुलगे तिथे सभासद म्हणून बसवा, त्यांची फी, परीक्षा, घरी परतायची वेळ सांभाळून.